पूर्णगडच्या खाडीतली होडी आणि हॅल्सियन नावाचा खंड्या

नाताळच्या सकाळी रत्नागिरीजवळच्या पूर्णगडच्या खाडीत होडीतून पक्षी बघायला गेलो होतो त्याचा हा रिव्ह्यू आहे, पण आधीच सांगते की यातला अर्धा भाग एका इंग्रजी शब्दावर जाणार आहे, कारण त्या शब्दामुळेच आम्ही गेलो आणि तो शब्द मला नीट कळला तोही त्या होडीतच.

झालं असं की माझी भाची अकरावीला आहे, सुट्टीत आमच्याकडे रत्नागिरीला आली होती आणि सोबत क्लासवाल्यांनी दिलेली शब्दांची यादी. त्यात हॅल्सियन. समोर अर्थ एवढाच, ‘शांत, सुखाचे’. आणि खाली एक वाक्य की अमुक माणसाला आपल्या बालपणीचे हॅल्सियन दिवस आठवतात. तिने ते पाठ केलं, वहीत स्वतःचं वाक्यही बनवलं आणि मला विचारलं, मावशी बरोबर आहे का गं? वाक्य बरोबर होतं, पण मला राहवेना. मी म्हटलं अगं हा पक्षी आहे, आपल्या अंगणातल्या वायरवर बसतो तो खंड्या. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग मोबाईलवर तिला खंड्याचं शास्त्रीय नाव काढून दाखवलं, हॅल्सियन स्मर्नेन्सिस. गप्पच झाली. मी पंधरा वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतेय आणि मला या याद्यांचा मनापासून राग आहे, शब्दाचं मांस काढून घेऊन हाड तेवढं पोरांच्या हातात द्यायचं आणि वर त्याला व्होकॅब्युलरी म्हणायचं.

तर दुसऱ्या दिवशी तिला खंड्या दाखवायचं ठरवलं. वायरवरचा नाही, पाण्यावरचा.

होडीवाले मामा पूर्णगडचेच, मासेमारी करतात आणि हिवाळ्यात सकाळच्या वेळेला चार-सहा माणसांना खाडीत आत कांदळवनापर्यंत फिरवून आणतात. ऑनलाइन बुकिंग वगैरे काही नाही, फोन करायचा. फोनवर मी विचारलं की सात वाजता चालेल का, तर म्हणाले, ‘‘बाई, उद्या दशमी, साडेसातला भरती भरल, पावणेसातला जेटीवर या.’’ हे गणित आपल्याकडे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली, दशमी म्हणजे दहाचे पाऊण साडेसात, अष्टमीला सहा. भाचीला हे इतकं आवडलं की ती रात्रभर कुठल्या तिथीला किती वाजता भरती हेच काढत बसली होती. आणि दशमी म्हणजे भांग, उधाण नाही, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही, त्यामुळे खाडीला ओढ कमी. पक्षी बघायला असं पाणी सगळ्यात चांगलं, होडी एका जागी ठेवता येते. ज्यांना जायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जाऊ नका, मामा नेतील पण निम्मा वेळ वल्ह्याशी झटापटीत जाईल.

पावणेसातला थंडी होती, चक्क स्वेटर घालावा अशी. मतलई वारा हळू हळू जमिनीकडून येत होता, त्याला कुठे कुणी काजूचा पाला पेटवल्याचा वास. समुद्राच्या तोंडाशी पाणी नुसतं चमकत होतं, लाट अशी नाहीच. आमच्यात मी, भाची, आणि पुण्याचं एक जोडपं. मामांनी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला होडीत पाय ठेवू दिला नाही, पुण्याचे काका म्हणत होते की मला पोहता येतं, तरी नाही. हे मला फार आवडलं. मागे एका ठिकाणी डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीत आम्ही वीसेक जण कोंबलेले होतो, जॅकेटं खाली ढीग करून ठेवलेली आणि वर स्पीकरवर गाणी, त्या अनुभवानंतर मी होडीत बसणंच सोडलं होतं.

इंजिन लावून पुलाखालून आत गेलो आणि कांदळवन सुरू झाल्यावर मामांनी इंजिन बंद केलं. तिथून पुढे फक्त वल्हं. पहिली दहा मिनिटं काही दिसलं नाही, मग एकदम सगळं दिसायला लागतं, डोळ्यांना सवय व्हावी लागते. बगळे, तुतवार, दोन घारी, पाणकावळा पंख पसरून बसलेला. आणि मग डावीकडे तिवराच्या वाळक्या फांदीवर खंड्या. भाची काहीतरी बोलणार तेवढ्यात मामा, ‘‘बोलू नको गो बाय, उडंल तो.’’

सात-आठ हातांवरून बघितला. चॉकलेटी डोकं, गळ्यापासून छातीपर्यंत पांढराशुभ्र, जेवताना लहान मुलाला बांधतात तसा रुमाल, पाठ अशी निळी की त्या निळ्याला मराठीत मोरपंखी म्हणायचं की आणखी काही, आणि चोच लाल, जाड, त्याच्या अंगाला न शोभणारी मोठी. खाली चिखलाच्या काठावर एक छोटा खेकडा होता. खंड्या मान खाली-वर करत होता, दोनदा, तीनदा, मग सरळ दगडासारखा खाली आणि परत वर, खेकडा चोचीत. आणि मग ते आपटणं. एकदा फांदीच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला, टक्, टक्, शांत सकाळी तो आवाज समोरच्या काठापर्यंत जात असणार. खेकड्याची एक नांगी तुटून पाण्यात पडली तेव्हा पाण्यावर उठलेली गोल वर्तुळं आमच्या होडीपर्यंत आली. गिळून झाल्यावर चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसली आणि पुन्हा तसाच, जणू काही झालंच नाही. उडाला तेव्हा पंखातले पांढरे ठिपके दिसले आणि ती त्याची खिंकाळल्यासारखी हाक.

भाची हळूच म्हणाली, हा शांत-सुखी कुठून झाला गं मावशी, हा तर खाटीक आहे. बरोबर बोलली. मग मी तिला गोष्ट सांगितली, होडी एका जागी थांबलेलीच होती, मामाही ऐकत होते.

गोष्ट ग्रीकांची, रोमन कवी ओव्हिडने आपल्या मेटामॉर्फसिसच्या अकराव्या खंडात ती सविस्तर लिहिली आहे. सीक्स नावाचा राजा आणि त्याची बायको अल्सायनी. ती वाऱ्यांचा स्वामी एओलस याची मुलगी, म्हणजे वारे तिने माहेरी घरात पाहिलेले. नवरा देवाचा कौल घ्यायला क्लॅरोसला समुद्रमार्गे निघाला तर ती परोपरीने सांगते की जाऊ नको, मी या वाऱ्यांना लहानपणापासून ओळखते, एकदा सुटले की ते कुणाचं ऐकत नाहीत. तो जातो. रात्री वादळ होतं, जहाज फुटतं, आणि फळकुटाला धरून बुडता बुडता तो तिचंच नाव घेत राहतो. इकडे तिला काहीच माहीत नाही. ती तो आल्यावर घालायचे कपडे विणतेय, आणि रोज देवळात जाऊन जो आधीच गेलाय त्याच्या परतीसाठी मागणं मागतेय. शेवटी देवीलाच ते सहन होईना, म्हणून ती निद्रादेवाकडे निरोप पाठवते आणि त्याचा मुलगा मॉर्फिअस ओल्या अंगाच्या, बुडालेल्या सीक्सचं रूप घेऊन अल्सायनीच्या स्वप्नात जातो. सकाळी ती धावत किनाऱ्यावर येते, जिथून त्याला निरोप दिला तिथेच, आणि लांबून पाण्यावर काहीतरी तरंगत येताना दिसतं, जवळ येतं, अजून जवळ, आणि तिला कळतं. ती धक्क्यावरून उडी घेते पण पाण्यात पडतच नाही, तिला पंख फुटलेले असतात. तोही पक्षी होतो, दोघंही खंड्या. आणि मग दर हिवाळ्यात सात दिवस ती समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते, तेवढे दिवस तिचा बाप सगळे वारे कोंडून ठेवतो, नातवंडांसाठी समुद्र शांत ठेवतो.

अल्सायनीवरूनच हॅल्सियन, म्हणून त्या सात दिवसांना हॅल्सियन दिवस म्हणतात. ओव्हिडकडे सात, ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात चौदा दिलेत, सर्वात लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. आम्ही होडीत बसलो होतो ती 25 डिसेंबरची सकाळ, म्हणजे हिशेबाने त्यातलाच एक दिवस.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमच्यात पण अशा बाया हायत.’’ एवढंच. मी पुढे विचारलं नाही, किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता शब्दाकडे. हॅल्सियन म्हणजे शांत हे खरं, पण कुणाच्या तरी रडण्यातून मिळालेली, मोजक्या दिवसांची आणि दोन वादळांच्या मधली शांतता. हे ‘मधली’ जे आहे ना, ते त्या यादीतून पूर्ण गळून जातं. आणि आजकालच्या इंग्रजीत तर हा शब्द नुसता ‘ते जुने छान दिवस’ याच अर्थाने वापरतात, कॉलेजचे, बालपणीचे, आठवणीतले. चूक म्हणणार नाही, शब्द सरकतात, पण जुन्या लेखकांनी तो कसा वापरलाय ते पाहिलं की काय हरवलंय ते कळतं. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या पहिल्या नाटकात जोन ऑफ आर्क फ्रेंचांना सांगते की आता मी लढाईत उतरले आहे, आता सेंट मार्टिनचा उन्हाळा आणि हॅल्सियन दिवस येतील बघा. सेंट मार्टिनचा उन्हाळा म्हणजे ऐन नोव्हेंबरात अवेळी येणारी चार दिवसांची ऊब. दोन्ही उपमा थोड्या दिवसांच्या आहेत, आणि त्याच नाटकात शेवटाकडे तिला जाळायला नेतात. बोलणाऱ्या पात्राला माहीत नाही पण लिहिणाऱ्याला माहीत होतं की हे टिकणारं नाही. मला तरी ही ओळ तशीच वाचावीशी वाटते.

किंग लिअरमध्ये तर हा पक्षी वेगळ्याच कामाला आहे. तिकडे पूर्वी अशी समजूत होती की मेलेला, वाळवलेला खंड्या दोऱ्याने टांगला की त्याची चोच वारा येतो त्या दिशेला वळते, म्हणजे घरातलं वातकुक्कुटच. केंट नावाचा सरदार चिडून म्हणतो की हे लाळघोटे नोकर मालकाच्या प्रत्येक वाऱ्याबरोबर आपल्या हॅल्सियन चोची वळवतात. आपल्याकडे वारा येईल तसं सूप धरणारे म्हणतो, अगदी तेच. सर थॉमस ब्राऊन नावाच्या नॉर्विचच्या डॉक्टरने 1646 साली लोकांच्या खुळ्या समजुतींवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने हे प्रत्यक्ष करून पाहिलंय, रेशमाच्या दोऱ्याला खंड्या टांगून. काही वळत नाही म्हणे, आणि एकाच खोलीत दोन टांगले तर एक इकडे बघतो आणि एक तिकडे. मला हा माणूस फार आवडतो, समजूत खोटी ठरवायला त्याने नुसता तर्क केला नाही, दोरा आणला.

आणि इंग्रज कवी मिल्टन. वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1629 च्या नाताळात त्याने येशूच्या जन्मावर कविता लिहिली. त्या रात्री समुद्र किती शांत होता हे सांगताना तो हॅल्सियन हा शब्द वापरतच नाही, नुसतं म्हणतो की शांततेचे पक्षी मंतरलेल्या लाटेवर अंडी उबवत बसले आहेत. त्याच्या वाचकांना नाव सांगायची गरजच नव्हती. हा मला शब्दाचा सगळ्यात सुंदर वापर वाटतो, ज्यात शब्दच नाही. नाताळच्याच सकाळी हे आठवलं आणि समोर पाणी खरंच मंतरल्यासारखं होतं.

त्याच्याही आधीचा इंग्रज कवी चॉसर, त्यानेही अल्सायनीची गोष्ट सांगितली आहे पण त्याने शेवटचं पक्षी होणं गाळलं, बाई दुःखाने मरते आणि संपलं. एका तरुण सरदारणीच्या मृत्यूवरची ती कविता आहे, तिथे पंख फुटलेले बरे दिसले नसते हे मला समजतं, पण मला ओव्हिडचा शेवट हवा असतो.

एक खुलासा, ग्रीकांचा हॅल्सियन बहुतेक आपला हा मोठा खंड्या नसून छोटा खंड्या असावा, तो तिकडे हिवाळ्यात समुद्रकाठी येतो. तोही आम्हाला परतताना दिसला, निळी रेघ ओढल्यासारखा पाण्यालगत गेला, दिसला म्हणेपर्यंत नाही. आणि कुठलाच खंड्या समुद्रावर घरटं करत नाही, आपल्याकडचे बहुतेक खंड्या मातीच्या काठात, बांधात, विहिरीच्या भिंतीत बोगदा करून अंडी घालतात. छोट्या खंड्याच्या बिळात माशांचे काटे पडलेले असतात, आणि गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय की घरटं सुईसारख्या चोचीच्या माशाच्या काट्यांचं असावं. म्हणजे कुणीतरी ते काटे पाहिले होते, फक्त जागा चुकली.

नावं ठेवणाऱ्यांनी मात्र गोष्ट विसरू दिली नाही. मोठा खंड्या हॅल्सियन, त्याचं पुढचं नाव स्मर्ना शहरावरून, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर, आणि सीक्स ज्या क्लॅरोसला निघाला होता ते त्याच्या जवळच. आणि आपल्याकडे पावसाळ्यात येतो तो तिबोटी खंड्या, चिमणीपेक्षा लहान, पिवळा-जांभळा-नारिंगी, पायाला तीनच बोटं, त्याचं शास्त्रीय नाव सीक्स एरिथाका. नवऱ्याचं नाव त्याला. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली की मग हे दोघं इथे भेटत असतील. मला एकदम भरून आलं. तिकडची अल्सायनी समुद्र शांत होईपर्यंत थांबते, आणि आपला हा सीक्स बरोबर उलटा, जूनमध्ये वारं सुटलं, दर्या खवळला, होड्या वर ओढल्या, की कोकणात येऊन ऐन धो धो पावसात ओढ्याकाठच्या मातीत बोगदा करून पिल्लं काढतो.

मग मराठीत काय म्हणायचं हॅल्सियन दिवसांना, हा प्रश्न भाचीनेच काढला. सुगीचे दिवस नको, त्यात धान्य आहे. सुवर्णकाळ तर नकोच, तो फार मोठा आणि संपलेला. पुण्याच्या काकू म्हणाल्या निवांतपणा. आम्ही चौघं असे शब्द टाकत होतो आणि मामा वल्हं मारता मारता म्हणाले, ‘‘उघडीप म्हना की.’’

उघडीप! पाऊस थांबलाय, पण गेलेला नाही, काळोख मागे उभाच आहे, तेवढ्यात कपडे वाळत घाला, कौलं शेकारा, बाहेर पडून या. पंधरा वर्षं शिकवतेय, मला सुचला नव्हता. शांत, थोडा वेळ, दोन्ही बाजूंना वादळ, सगळं त्यात आहे. पावसाचा शब्द आहे, समुद्राचा नाही, तेवढा फरक मी मान्य करते, पण यापेक्षा जवळचा शब्द मला अजून तरी मिळालेला नाही.

साडेनऊला परतलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, काठाचा चिखल उघडा पडून त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. मामींनी घरी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दिली, वर काळा चहा. घावणे इतके पातळ की हातात धरले तर पलीकडचा उजेड दिसावा, मी चार खाल्ले. 

आता व्यवहाराचं. होडीचे माणशी 400 घेतले, भाचीचेही पूर्ण, नाश्त्याचे 100 वेगळे. अडीच तासांच्या फेरीला हे मला रास्त वाटतात. जेवण सांगितलं तर करतात पण आदल्या दिवशी. होडीवर सावली नाही, टोपी न्या. मामांकडे एक दुर्बीण आहे पण तिच्या एका भिंगात बुरशी धरलीय, आपली असेल तर आणा, नसेल तरी अडत नाही. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट एकच आहे, ही मला खरी उणीव वाटली, मी मामांना तसं सांगितलं आणि त्यांनी आणखी दोन घेतो म्हटलंय, तोवर दोन लहान मुलं असतील तर आपलं जॅकेट घेऊन जा. जेटीवर टॉयलेट नाही, मामींच्या घरी आहे, चालत पाच मिनिटं. गुडघे दुखत असतील तर होडीत चढताना हात द्यायला सांगा, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. आणि मोठ्याने बोलणारी मंडळी असतील तर कृपा करून त्यांना नेऊ नका.

पावसाळ्यात होडी बंद असते. तिबोटी खंड्या मामांच्या वाडीमागच्या ओढ्याला येतो, तो लांबून दाखवतो म्हणालेत, घरट्याजवळ नेणार नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं. जून अखेरीला या म्हणाले, पाऊस चांगला धरल्यावर. भाचीची तेव्हा शाळा सुरू झालेली असेल, तरी तिने एका शनिवार-रविवारचा हट्ट धरलाय आणि वहीतल्या त्या यादीत हॅल्सियनसमोरचं ‘शांत, सुखाचे’ खोडून पेनने उघडीप लिहिलंय, कंसात खंड्या.